‘जंतू कर्ब खातात’ म्हणून कुळागराला काडी लावू नका

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या माझ्या मामांनी गेल्या आठवड्यात कुळागरातला, म्हणजे पोफळींच्या बागेतला, निम्मा पाला जाळला. झावळ्या, केळीची सोपटं, फणसाची पानं, दरवर्षी पोफळींच्या आळ्यांत जाणारा सगळा ऐवज. का, तर व्हॉट्सॲपवर आलं म्हणून. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज मला तीन ग्रुपांवरून आला. त्यात म्हटलंय: मातीतले जंतू जमिनीचा कर्ब (कार्बन) खाऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात, म्हणून मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) पाणी ओतून जंतू मारा, पाला जाळून राख पसरा, कर्ब राखेत टिकतो, खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट जमिनीत) मिठामुळे जंतू नसतात म्हणून तिथली माती काळी, आणि जमिनीतल्या कर्बाने हवामानाला तसाही फरक पडत नाही.

मोरचुदापासून सुरुवात करतो. राख पावसात वाहून जाईल, तांबं जाणार नाही. सुपारी सडवणारा कोळेरोग येऊ नये म्हणून आपण मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण सुपारीच्या घडांवर फवारतो. रोग तिथे लागतो, म्हणून औषध तिथे. त्यातलं थोडं मातीत उतरतंच, आणि एवढंही वर्षानुवर्षं साठत जातं, कारण तांबं कुजत नाही. चुन्याशिवाय नुसता मोरचूद आपल्या आम्लधर्मी मातीत ओतला तर ते आणखी मोकळं राहतं. गांडुळं, मुळांशी राहून झाडाला स्फुरद पोचवणारी बुरशी, स्वतः मुळं, सगळ्यांना ते बाधतं. मामांनी पिशवी आणून ठेवली होती. फोनवर मी आवाज चढवला, मोठ्या माणसाशी असं बोलू नये हे माहीत असूनही.

बरं, जंतू मारून कर्ब वाचतो का? तेही नाही. मातीत जंतू किती आहेत हे मोजायची एक जुनी पद्धत अशी: क्लोरोफॉर्मच्या वाफेने ते मारायचे, वाफ काढून टाकायची, पुन्हा थोडे जिवंत जंतू सोडायचे आणि पुढचे काही दिवस कार्बन डायऑक्साइड मोजायचा. मेलेल्यांना जिवंत खातात, आणि वायू न मारलेल्या मातीपेक्षा जास्त निघतो. मेसेज लिहिणाऱ्याच्या दाव्याच्या बरोबर उलट.

जंतू श्वास घेतात आणि कर्ब हवेत सोडतात हे खरं आहे, ते नाकारत नाही. आपल्या उष्ण, दमट हवेत तर पाला झपाट्याने कुजतो. पण खाल्लेला सगळा कर्ब ते श्वासात घालवत नाहीत. काही भागाचं ते शरीर बांधतात. हा भाग किती, याला कर्बवापराची कार्यक्षमता म्हणतात. जंतू मेला की त्याच्या पेशीभित्ती आणि चिकट स्राव मातीच्या कणांना धरून बसतात. आपल्या जांभ्या मातीतली लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं तर असा कर्ब घट्ट धरतात. जमिनीत दीर्घकाळ टिकणाऱ्या कर्बाचा मोठा वाटा जंतूंच्या या अवशेषांचाच असतो.

2023 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात फेंग ताओ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. जगभरच्या 57 हजारांहून अधिक ठिकाणची, वेगवेगळ्या खोलीवरची मातीतल्या कर्बाची मोजमापं त्यांनी संगणकी प्रारूपाला जोडली. जमिनीत कर्ब किती साठतो हे ठरवण्यात जंतूंची ही कार्यक्षमता त्यांनी तपासलेल्या इतर घटकांपेक्षा किमान चौपट महत्त्वाची निघाली. वरून किती पाला पडतो आणि तो किती वेगाने कुजतो, हेही त्या इतर घटकांत होतं. जिथे कार्यक्षमता जास्त, तिथे साठा जास्त. ज्यांच्या देहांतून हा साठा होतो त्यांनाच मारा म्हणणारा मेसेज शेतकऱ्यांत फिरतोय, आणि ‘कृषितज्ज्ञ’ एवढंच लिहिलं की आपण पुढे ढकलतो.

राखेबद्दल. राखेत पालाश असतं, चुना असतो, आम्लता थोडी उतरते. आजोबा राख टाकायचे ते उगाच नव्हे. पण ती चुलीची राख. पाला उघड्यावर जळला की त्याचा बहुतेक कर्ब त्याच संध्याकाळी धूर आणि वायू होऊन जातो, नत्रही जातं. अर्धवट जळून उरलेला कोळसा बराच टिकतो, पण पांढऱ्या राखेला कोळसा समजू नका.

खाजनाचं काय सांगायचं? मानशीजवळच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या) काळ्या चिखलात पाय घातला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो जंतूंच्याच कामाचा. हवा न मिळणाऱ्या त्या चिखलात ते खाऱ्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात. मुळात प्राणवायू नसल्याने तिथे कुजणं मंदावतं, म्हणून कर्ब टिकतो.

आणि हवामानाला फरक पडत नाही म्हणे! जगातल्या मातीच्या वरच्या एका मीटरमध्येच साधारण 1500 अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. हवेत आहे त्याहून खूप जास्त.

मामांच्या कुळागरात पाण्याच्या पाटाकडचा निम्मा पाला अजून शाबूत आहे. रविवारी जातोय. तो आळ्यांत पसरायचा आणि मोरचुदाची पिशवी बोर्डोसाठी माळ्यावर ठेवायची, एवढं त्यांनी कबूल केलंय. मेसेज ज्याने पाठवला त्याचा नंबरही मागून घेतलाय, हे सगळं त्यालाही पाठवणार आहे.