दहा मिलिमीटर कुलकर्णी

गेल्या रविवारी सकाळी आमच्या आडनावाची रुंदी दहा मिलिमीटर झाली. हे मी इतक्या नेमकेपणाने सांगू शकते, कारण ज्या गृहस्थांमुळे ते झाले त्यांनीच नंतर ती रुंदी व्हर्निअरने मोजली, ‘नऊ पूर्णांक अठ्ठ्याण्णव’ असा निकाल दिला आणि माझ्या यंत्राची पाठ थोपटली. यंत्राला पाठ असते हे मला तेव्हा कळले.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी सुतारकाम शिकू लागले. दोन वर्षांत रंधा आणि पटाशी यांच्याशी माझे बोलण्यापुरते संबंध प्रस्थापित झाले, एक पाट झाला, एक चौरंग झाला (तो तीनच पायांवर उभा राहतो, चौथा पाय केवळ नावाचा मान राखण्यासाठी आहे), आणि मग एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत मी ‘३०१८’ जातीचे एक छोटे सीएनसी यंत्र मागवले. ३०० मिलिमीटर लांब आणि १८० मिलिमीटर रुंद एवढे त्याचे कार्यक्षेत्र, म्हणून हे नाव. संगणकाने लिहून दिलेले आकडे वाचून ते एक टोकदार टूल पुढेमागे, डावीउजवीकडे आणि वरखाली फिरवते व लाकडावर कोरीव काम करते. दारावरच्या जुन्या पाटीतला पितळी ‘ल’ पावसाळ्यात गळून पडल्यापासून आम्ही ‘कुकर्णी’ झालो होतो. नवी सागवानी पाटी स्वतः कोरावी, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

यंत्रासोबत जी आज्ञावली आली होती तिला मराठी येत नव्हते. तिने ‘कुलकर्णी’ची सगळी अक्षरे सुटी करून ओळीत मांडली, उकार बाजूला पडलेला, ‘र’चा पाय मोडलेला आणि रफार बेपत्ता. आमच्या घरात रफार हा चेष्टेचा विषय नाही. हे छत्तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवत होते, आणि पडद्यावरचा तो प्रकार पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला, जणू दोष काचेचा असावा. मग मी इंकस्केप नावाच्या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीत नाव लिहिले आणि त्या अक्षरांच्या रेषा करून घेतल्या. रफार जागेवर आला, पण प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन आलेले होते. देवनागरी वाचणाऱ्याला ती एक सलग रेघ दिसते, यंत्राला मात्र एकमेकींवर चढलेल्या चार पट्ट्या दिसतात, आणि ते इमानाने प्रत्येक पट्टीची कड कोरून शिरोरेषेवर उभ्या चिरा पाडते. त्या पट्ट्यांचा एकजीव आकार करावा लागतो, हे समजेपर्यंत माझे तीन रविवार आणि सागाचे दोन तुकडे खर्ची पडले. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. खरी तक्रार पुढे आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर आबा राहतात. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे आणि उद्यमनगरात आबांनी तीस वर्षे लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काढली आहेत. या दोन्ही गोष्टी ते एकाच अभिमानाने सांगतात. यंत्राची घरघर ऐकून ते रविवारी खाली आले, गॅलरीतल्या माझ्या टेबलाशी उभे राहिले, यंत्राभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घातली, आणि आत आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या यांना मोठ्याने विचारले, ‘‘सर, स्पिंडल किती आरपीएमचा हाय?’’

‘‘तिला विचारा,’’ हे म्हणाले.

‘‘टूल मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते,’’ मी म्हटले.

‘‘दहा हजार म्हंत्यात,’’ आबांनी यांना कळवले. ‘‘लोड आला की दम निघंल बघा सर त्येचा.’’

पुढचा अर्धा तास आमचे संभाषण असेच त्रिकोणी चालले. आबा प्रश्न यांना विचारत, उत्तर मी देई, आणि आबा ते उत्तर दुरुस्त करून यांना ऐकवीत. एखाद्या परकीय शिष्टमंडळाबरोबर आलेली दुभाषी तरी मी असावे, किंवा यंत्राचाच एक सुटा भाग. फळी सागाची आहे का, हेही त्यांनी यांनाच विचारले, आणि ज्यांना साग आणि साबुदाणा यांतला फरक शिजवल्यावरच कळतो ते माझे पती ‘‘असावी’’ म्हणाले. मी फळी शिकंज्याने आवळली, तेव्हा आबांनी टेबलावर अंगठा ठेवून ते हलवून पाहिले. ‘‘अर्धा सूत खेळतंय सर ह्ये.’’ टेबल खरोखरच अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, खेळत होते. सगळ्यात जास्त राग मला याचा आला.

मग उंचीचा शून्य घेण्याची वेळ आली. फळीचा पृष्ठभाग नेमका कोठे आहे हे यंत्राला आपण सांगावे लागते. त्यासाठी टूलच्या टोकाखाली एक कागद धरून तो सरकवत राहायचे आणि टोक हळूहळू खाली आणायचे. कागद अडकू लागला की तेथे शून्य. मी तसे केले. आबांनी विचारले, ‘‘सर, कागदाची जाडी वजा केली का न्हाई वैनींनी?’’

‘‘एका कागदाने काय होते?’’ मी म्हटले.

आबा काही न बोलता वर गेले आणि दहा मिनिटांनी मखमली अस्तराची एक पेटी घेऊन आले. लहान मुलाची टाळू चाचपावी तितक्या हळुवारपणे त्यांनी आतून मायक्रोमीटर काढला, माझा कागद त्यात धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि जाहीर केले, ‘‘पॉइंट एक.’’ म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा भाग. तेवढे टोक मी खाली घेतले. त्यांचे बरोबर होते, हे येथे नोंदवून ठेवते. या माणसाच्या बाबतीत असे वारंवार नोंदवावे लागते आणि त्यामुळेच जीव मेटाकुटीला येतो.

आता फक्त कळ दाबायची होती. पण आबांनी पडद्यावरचा प्रोग्रॅम वाचायला घेतला आणि वरच्याच एका ओळीवर बोट ठेवले.

‘‘सर, ह्यो जी वीस हितं कशाला?’’

‘‘जी-ट्वेंटीची परिषद?’’ आतून आवाज आला. ‘‘ती २०२३ सालीच झाली की दिल्लीला.’’

गॅलरीत काही क्षण शांतता पसरली. या अर्ध्या तासात आबांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेत थोडीशी करुणाही होती. ती संधी साधून मी सांगून टाकले की जी २० या आज्ञेचा अर्थ पुढचे आकडे इंचांत आहेत असा होतो, आणि मिलिमीटर हवे असतील तर जी २१ लिहितात. वखारीतून फळी बारा इंच बाय सहा इंच अशी कापून आणल्यामुळे मी सगळा आराखडा इंचांत केला होता. नावाची रुंदी दहा इंच.

‘‘इंच?’’ आबा म्हणाले. ‘‘वैनी, इंग्रज गेलं की! तीस वर्षांत आमच्या शॉपला जी एकवीसबिगर मशीन चालू झालेलं मी बघितलं न्हाई. एकवीस करा त्ये.’’

‘‘पण खालचे आकडे इंचांतले आहेत.’’

‘‘आकडं मशीन बघून घेतंय. त्येला एकवीस सांगितलं की त्ये एकवीस करतंय.’’

चौतीस वर्षे मी बँकेत आकड्यांशी झुंजले आहे. रकमेपुढचे रुपयाचे चिन्ह खोडून डॉलरचे काढल्याने खातेदार श्रीमंत होत नाही, हे मला कोणी शिकवायला नको होते. तरीही मी तो आकडा बदलला. का बदलला, याचा विचार मी गेले चार दिवस करते आहे. त्यांच्या हातात मायक्रोमीटर होता, आवाजात तीस वर्षे होती, आणि मुख्य म्हणजे आतून यांनी ‘‘आबा म्हणतात तर कर की’’ असे म्हटले. ज्यांना जी-ट्वेंटी म्हणजे राष्ट्रप्रमुखांचे जेवण वाटते, त्यांचे मत शेवटी निर्णायक ठरले. या घरात दरवाज्याचा रंगही असाच ठरला होता.

यंत्र सुरू झाले. एका इंचात २५.४ मिलिमीटर असतात, त्यामुळे आता प्रत्येक माप तेवढ्या पटीने आक्रसले होते. दहा इंचांचे नाव दहा मिलिमीटरचे झाले. दोन मिलिमीटर खोल जायचे ते टोक मिलिमीटरच्या सुमारे तेराव्या हिश्श्यावर थांबू लागले, आणि एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना पाच मिलिमीटर उचलले जायचे ते केसभर उचलले जाऊ लागले. गंमत अशी की मिनिटाला वीस इंच हा वेगही मिनिटाला वीस मिलिमीटर झाला. अंतर आणि वेग एकाच प्रमाणात घटले की वेळ घटत नाही. म्हणून ज्या कामाला बावीस मिनिटे लागणार होती त्याला बावीसच मिनिटे लागली, आणि तेवढा वेळ आम्ही दोघे फळीच्या एका कोपऱ्यात जागच्या जागी गुणगुणत उभ्या असलेल्या त्या यंत्राकडे पाहत राहिलो.

‘‘घाई करत न्हाई,’’ आबा कौतुकाने म्हणाले. ‘‘चांगल्या मशीनचं लक्षण हाय सर.’’

मध्ये चहा झाला. चहा मी केला, आणि यंत्रावर लक्ष आबांनी ठेवले.

बावीस मिनिटांनी यंत्र थांबले. फळी कोरी होती. आबांनी लगेच निदान केले की टूल बोथट आहे. मी ब्रशने कोपरा झाडला. तपकिरीच्या चिमटीएवढा भुसा उडाला आणि त्याखाली मुंगी बसल्यासारखे काहीतरी दिसले. आबांनी यांचे शब्दकोश वाचायचे भिंग मागून घेतले, फळीवर ओणवे झाले आणि पहिलीतल्या मुलाप्रमाणे मोठ्याने वाचू लागले: ‘‘कु… ल… क… र्णी!’’ मग भिंग यांच्याकडे गेले. यांनी बराच वेळ निरखून अभिप्राय दिला, ‘‘रफार अगदी जागेवर आहे.’’

कागदाची जाडी वजा केली नसती तर टोक लाकडाला शिवलेच नसते आणि बावीस मिनिटे हवा कोरली गेली असती. म्हणजे ती चूक इतकी सुवाच्य उमटली, याचेही श्रेय आबांचेच. ते त्यांनी घेतलेही.

भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८च्या ऑक्टोबरपासून ती मापे लागू होऊ लागली, हे मला ठाऊक आहे. हे वखारीला मात्र कोणी कळवलेले दिसत नाही. तेथे साग घनफुटावर मिळतो, फळीची जाडी इंचांत सांगतात, आणि एक इंचाचे पैसे मोजून घरी आणलेली फळी रंधा मारून झाल्यावर बावीस मिलिमीटर भरते. त्या वेळी मात्र इंग्रज गेल्याची आठवण करून द्यायला कोणीही पुढे येत नाही. प्लायवूडचा तक्ता आठ बाय चार फुटांचा, पण जाडी अठरा मिलिमीटर. माझ्या गुरुस्थानी असलेले सुतार मिस्त्री जाडी सुतात सांगतात, आणि आठ सुतांचा इंच. यंत्रात बसणाऱ्या टूलच्या दांड्याचा व्यास ३.१७५ मिलिमीटर असतो. हा विचित्र आकडा कोठून आला असेल म्हणून मी गुणाकार करून पाहिला, तर तो बरोबर एक सूत निघाला. एवढ्या आधुनिक यंत्राच्या पोटात शेवटी मिस्त्रींचा सूतच फिरतो आहे. पण मिस्त्रींना मी ‘दहाची पाटी’ म्हटले असते, तर त्यांनी आधी दाराकडे पाहिले असते. हे यंत्र दाराकडे पाहत नाही. आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग, म्हणजे फिरत्या टूलने धातू कोरणारे, यंत्र अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९५२ साली दाखवण्यात आले, तेव्हा त्याला आकडे कागदी फितीवर भोके पाडून दिले जात होते. भोकाला जेवढे समजेल तेवढेच त्याला समजत असे. आजही त्यात विशेष वाढ झालेली नाही. यंत्राबद्दल मी हे समजू शकते.

आबांनी मात्र सोसायटीभर सांगितले आहे की सरांच्या वैनींनी तांदळाच्या दाण्यावर काढतात तसे नाव काढले, आणि सेटिंग त्यांनी स्वतः करून दिले. दोन बायका भिंग मागून पाहूनही गेल्या. मोठी पाटी कधी करणार, हे कोणीच विचारले नाही.

काल संध्याकाळी आबा पुन्हा आले. हातात स्कूटरच्या किल्लीचा पितळी बिल्ला होता.

‘‘सर, वैनींना म्हणावं, ह्यावर माझं नाव मारा. तेवढंच बारीक.’’

मी आरामखुर्चीकडे वळले. ‘‘आबांना सांगा,’’ मी यांना म्हटले, ‘‘आधी बिल्ल्याची जाडी मोजून आणायला. सहा ठिकाणी.’’

आबा समाधानाने मान हलवून मायक्रोमीटर आणायला वर गेले.

‘‘जाडी कशाला हवी आहे?’’ यांनी विचारले.

‘‘कशालाच नाही,’’ मी म्हटले, आणि ते बिनपाटीचे दार आतून लावून घेतले.