गडचिरोलीचं काम गडचिरोलीबाहेर

नमस्कार डॉक्टर,

सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप असा: डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचं जे काम करून दाखवलं ते त्यांच्या तळमळीमुळे झालं. देशभर नेलं की नुसते तक्ते उरतात, तेव्हा तो पैसा रुग्णालयातल्या नवजात कक्षांवर खर्च करावा.

यातलं अर्धं मला मान्य आहे. सर्चच्या ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. पण तिथल्या आरोग्यदूत, म्हणजे सर्चने शिकवलेल्या गावातल्याच बायका, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही घरीच देत. २०११ मध्ये हे काम देशभरच्या आशांकडे आलं, ते इंजेक्शन वगळून. मग आकडा तोच कसा यावा?

पण घर की रुग्णालय, हा वादच मला पटत नाही. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी बाई दोन-तीन दिवसांत घरी येते. बाळ थंड पडलं, दूध ओढेनासं झालं, तर ते घरात कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. तरच ते तुमच्या कक्षापर्यंत पोचणार.

एका आशाताईंबरोबर मी भेटीला गेले होते. त्यांनी झोळीच्या काट्यावर वजन घेतलं, काखेत थर्मामीटर धरला, मग दुपटं बाजूला करून घड्याळ लावून श्वास मोजायला लागल्या. आजी मध्येच बोलल्या, तशा ताई थांबल्या आणि पुन्हा पहिल्यापासून पूर्ण मिनिटभर मोजले. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर बाळाला लगेच पाठवायचं. हेच काम पाव मिनिटात अंदाजाने उरकता येतं, आणि रजिस्टरमध्ये दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात! फरक कळतो तो सोबत जाऊन बघणाऱ्यालाच. सर्चमध्ये असं बघणारं माणूस होतं. सरकारी रचनेत ते काम आशांवर देखरेख करणाऱ्या गट प्रवर्तकांचं, पण त्यांचा वेळ अहवाल गोळा करण्यात जातो. त्यात २०१८ पासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या भेटीही आशांकडेच आल्या. म्हणून माझा आग्रह आहे की विस्तारासाठी पैसा आला तर आधी गट प्रवर्तक वाढवा, त्यांना नीट पगार द्या, आणि मगच नवी उद्दिष्टं लादा.

एक विचारते. तुमच्या कक्षातून कमी वजनाचं बाळ घरी सोडताना त्या गावच्या आशाताईंना फोन जातो का? जात असेल तर कोण करतं, ते जरूर कळवा.