खयची लाईन?

आमच्या सिंधुदुर्गात पावसाळ्यात कुणी "लाईन हा काय?" असं विचारलं तर एकदम 'होय' म्हणू नये. आधी "खयची?" असं विचारावं. मागच्या आषाढात मी पहाटे झोपेत 'होय' म्हटलं. मला वाटलं नळाची. शेजारच्या काकू ओलं खोबरं आणि मिक्सरचं भांडं घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात! वीज रात्रीपासून नव्हती. शेवटी वाटप पाट्यावर झालं, आणि पाट्याशी मी बसलो.

तिथून स्टेशन गाठलं. गणपतीनंतर परतायची तिकिटं साठ दिवस आधी सकाळी आठला सुटतात, म्हणून लाईन लावायची होती. माझ्यापुढे अकरा माणसं आणि एक चप्पल. चप्पल कुणाची? "तो चाय पिऊक गेलोहा. पण लाईनीत हा."

आठला दोन मिनिटं असताना वायरमनचा फोन. आवाज तुटक. मी ओरडलो, "काय? लाईनीवर फणस पडलो?"

झालं! कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावते खरी, पण बहुतेक मार्ग अजून एकेरीच. समोरून गाडी यायची असली की आपली गाडी क्रॉसिंगला उभी. त्यात फणस आडवा म्हणजे दिवसच गेला. अर्धी रांग फलाटावर धावली, उरलेली अर्धी पोरांना फोन लावायला. आमच्या घरामागच्या विजेच्या तारांवर पडलाय, हे सांगेपर्यंत खिडकीपाशी मी आणि चप्पल, दोघेच उरलो. (चपलेला मी मान दिला नाही, हे कबूल करतो.)

फॉर्म सरकवला. आतून शांतपणे आवाज आला, "लाईन गेली."

डोक्यावर पंखा गरगरत होता. ही संगणकाची. ती आली तोवर वेटिंग सुरू झालं होतं.

घरी आलो तर पावसाने ढासळलेला गडगा बांधायला गवंडी आलेला. "ह्या टोकाक लाईन धरा," म्हणाला आणि सुताची दोरी माझ्या हातात दिली. हा शब्द लॅटिनमधल्या 'लिनेआ'वरून आला; अर्थ जवसाच्या झाडापासून निघणारा दोरा. दिवसभरात तो मूळ अर्थाने वापरणारा हा एकटाच भेटला. मी दोरी ताणून चिऱ्यावर ओणवा झालो.

पलीकडून काकू डोकावल्या. "लाईन इली काय ओ?"

"इली," मी म्हटलं. "ही काय, हातात हा."

त्या मिक्सरचं भांडं आणायला वळल्या.