'म्युनिकनं लिनक्स सोडलं' ही अर्धीच गोष्ट आहे

सरकारी कार्यालयांत ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता, वापरता आणि बदलता येतो असं सॉफ्टवेअर, वापरा असं कुणी म्हटलं की व्हॉट्सअॅपवर एक ठरलेलं उत्तर फिरायला लागतं. त्याचा सारांश असा: जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेनं दहा वर्षं लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी ओपन सोर्स यंत्रणा) चालवून पाहिलं, खर्च वाढला, कर्मचारी वैतागले आणि शेवटी सगळे विंडोजवर परतले. शिवाय ज्याचा कोड साऱ्या जगाला दिसतो ते सुरक्षित कसं असेल? बिघडलं तर फोन कुणाला करायचा? म्हणून सरकारनं फुकटच्या नादी लागू नये.

म्युनिकनं परत जायचं ठरवलं, हे खरं आहे. पण पुढचं-मागचं सगळं गाळून एवढंच सांगितलं जातं, आणि सगळा डोलारा त्याच एका उदाहरणावर उभा आहे. म्हणून आधी तेच नीट सांगतो.

२००३ साली म्युनिककडे १४ हजारांच्या आसपास संगणक होते आणि त्यांवरच्या विंडोज एनटी ४ चे दिवस भरत आले होते. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटायला आले, किंमत उतरवायची तयारीही दाखवली. तरी मे २००३ मध्ये नगरपरिषदेनं लिनक्सच्या बाजूनं कौल दिला. प्रकल्पाचं नाव 'लिमक्स'. काम रखडत चाललं, पण ते लिनक्समुळे नव्हे. वेगवेगळ्या विभागांचे वीसेक स्वतंत्र संगणक कक्ष होते, प्रत्येकाची पद्धत निराळी, आणि वर्षानुवर्षं साठलेले वर्डचे नमुने आणि मॅक्रो (ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या छोट्या सूचना) हजारोंच्या घरात. हा पसारा आवरायला महापालिकेच्याच लोकांनी 'वॉलमक्स' नावाचं साधन लिहिलं आणि २००८ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. २०१३ च्या अखेरीला प्रकल्प पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा जवळपास १५ हजार संगणक लिनक्सवर होते. याला फसलेला प्रयोग म्हणायचं असेल तर शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

खर्चाचं म्हणाल तर महापालिकेनं २०१२ मध्ये दिलेल्या हिशेबात १ कोटी युरोंहून जास्त बचत दाखवली होती. मायक्रोसॉफ्टनं एचपी या संगणक कंपनीकडून करवून घेतलेल्या अभ्यासात उलटा निष्कर्ष निघाला आणि त्यावर वाद झाला, हेही नोंदवतो. पण २०१७ मध्ये जेव्हा परत विंडोज बसवायचं ठरलं, तेव्हा नुसत्या त्या कामाचा अंदाज ५ कोटी युरोंच्या आसपास होता. 'खर्च वाढला म्हणून परतले' असं सांगणाऱ्यानं हा आकडाही सांगायला हवा.

मग परतले का? २०१४ मध्ये डीटर रायटर महापौर झाले, आणि ते आणि त्यांचे उपमहापौर सुरुवातीपासून लिमक्सवर नाराज होते. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या: बाहेरून आलेल्या वर्ड फाइलींची मांडणी बिघडायची, काही कामांची सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायची. पण २०१६ मध्ये महापालिकेनं अॅक्सेंचर या सल्लागार कंपनीकडून पाहणी करून घेतली, आणि ही कंपनी मायक्रोसॉफ्टची भागीदार. तिच्या अहवालातही मुख्य दुखणं सापडलं ते विखुरलेल्या कारभारात. औषध मात्र दिलं गेलं भलत्याच अवयवाला. पुढे मे २०२० मध्ये म्युनिकमध्ये सत्तेवर आलेल्या नव्या आघाडीनं आपल्या करारात लिहिलं, की तांत्रिक आणि आर्थिकदृष्ट्या शक्य तिथे खुली मानकं (एका कंपनीच्या मालकीची नसलेली, सगळ्यांना वापरता येणारी) आणि ओपन सोर्स वापरायचं, आणि सार्वजनिक पैशातून लिहिलेला कोड सार्वजनिक करायचा. फिरणाऱ्या संदेशात ही ओळ मला कधीच दिसली नाही.

कर्मचारी वैतागतात, हा मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण चूक कुठे होते ते त्यातून कळतं. फ्रान्सच्या जांदार्मरी या राष्ट्रीय पोलीस दलानं क्रम उलटा ठेवला. २००५ च्या सुमारास विंडोजवरच वर्ड-एक्सेलच्या जागी ओपनऑफिस आणलं, मग फायरफॉक्स हा ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड. माणसांच्या हाताला रोजची साधनं बसली, त्यानंतर २००८ पासून खालची यंत्रणा बदलून उबुंटू हे लिनक्स आणलं. लोकांना बदल जाणवलाच तर चिन्हांचा आणि खेळांचा. आज त्यांचे १ लाखाच्या आसपास संगणक त्यावर चालतात, आणि हे पोलीस दल आहे, हौशी मंडळ नव्हे.

आपल्याच देशात बघायचं तर केरळ. तिथे आयटी@स्कूल प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला आणि काही वर्षांतच सरकारी शाळांचं संगणक शिक्षण पूर्णपणे मुक्त, म्हणजे ओपन सोर्स, सॉफ्टवेअरवर गेलं. २०१९ मध्ये सरकारी संस्था 'काइट'नं शाळांतल्या २ लाख संगणकांसाठी लिनक्सची नवी आवृत्ती काढली. परवान्यांचे ३ हजार कोटी रुपये वाचले, हा त्यांचा दावा छापील किमतींवर काढलेला असल्यानं तो मी जसाच्या तसा धरणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: शिक्षकांनाच प्रशिक्षण दिलं, मल्याळममधून साधनं तयार केली, आणि जे शाळेत शिकलं तेच घरच्या संगणकावर बिनपैशानं, कायदेशीरपणे टाकायची मुलांना मुभा मिळाली.

आता सुरक्षा. कोड दिसतो म्हणजे चोराला चावी मिळते, असं यात गृहीत धरलेलं आहे. चांगल्या कुलपाची रचना सगळ्यांना माहीत असली तरी ते चावीशिवाय उघडत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं ब्रिटनच्या अनेक सरकारी रुग्णालयांचं कामकाज विस्कळीत केलं, ते बंद कोडच्या विंडोजवर. मार्च २०२४ मध्ये उलट प्रसंग आला. एक्सझेड या लिनक्सवरच्या छोट्याशा साधनात कुणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास संपादन करून चोरदार बसवलं होतं. ते सापडलं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून. त्यांना आत जाऊन बघता आलं, कारण कोड समोर होता. पण याच प्रसंगात ओपन सोर्सची खरी कमजोरीही दिसली: ते साधन एक थकलेला माणूस एकट्यानं, विनावेतन सांभाळत होता. सारं जग वापरतं आणि पैसे कुणीच देत नाही, हे चालणार नाही. जर्मनीनं २०२२ पासून अशा पायाभूत साधनांसाठी सरकारी निधी सुरू केला आहे. आपल्याकडेही तो हवा, असं माझं ठाम मत आहे.

फोन कुणाला करायचा? ज्याच्याशी देखभालीचा करार केलाय त्याला. त्याचं काम पटलं नाही तर तोच कोड घेऊन दुसऱ्याशी करार करता येतो. बंद सॉफ्टवेअरमध्ये हा दुसरा नसतोच.

राहिला 'फुकट' हा शब्द. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. प्रशिक्षण, देखभाल, स्थलांतर यांना पैसे लागतात, आणि कुणी लागत नाहीत म्हणत असेल तर तोही खोटं बोलतोय. पण दुसऱ्या बाजूचा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या जमिनीच्या जुन्या प्रकरणातला एक मसुदा हवा होता. कार्यालयातल्या ताईंनी फाइल शोधूनही काढली. उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. तो मजकूर ज्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला होता तो एका डोंगलला (संगणकाला जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालू न देणाऱ्या छोट्या उपकरणाला) बांधलेला, आणि डोंगल केव्हाच हरवलेलं. ताई म्हणाल्या, "भाऊ, कागदावरची प्रत असेल तर आणा, मी परत टाइप करते." मराठीत, सरकारी पगारावर, सरकारी कामासाठी लिहिलेला मजकूर सरकारलाच वाचता येत नव्हता. युनिकोड हे खुलं मानक आणि लोहित, मुक्ता, बलू यांसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट आल्यावर ही अडचण नव्या कागदांपुरती तरी मिटली. जुन्या फाइली अजून पडून आहेत.

ओपन सोर्सची बाजू घेणारेही एक गफलत करतात. यूपीआय आणि आधार यांना सर्रास ओपन सोर्स म्हटलं जातं. ते बरोबर नाही. त्या सार्वजनिक सेवा आहेत, पण त्यांचा सगळा कोड कुणालाही उचलून वापरता येत नाही. कुणालाही उचलून वापरता येणारी खरी डिजिटल सार्वजनिक वस्तू म्हणजे बंगळूरच्या आयआयआयटीत २०१८ पासून घडलेलं मोसिप हे ओळख-नोंदणीचं सॉफ्टवेअर, जे घेऊन फिलिपिन्सनं आपली राष्ट्रीय ओळखपत्र व्यवस्था उभी केली. किंवा नॉर्वेच्या ऑस्लो विद्यापीठाकडून चालणारं डीएचआयएस-२ हे आरोग्य-नोंदींचं सॉफ्टवेअर. जानेवारी २०२० मध्ये श्रीलंकेतल्या लोकांनी त्यात काही दिवसांत विमानतळावरच्या प्रवाशांच्या कोविड नोंदीची सोय केली, आणि ती इतर देशांना तशीच उचलता आली. कुणाच्या परवानगीसाठी थांबावं लागलं नाही.

भारत सरकारनं २०१५ मध्ये ओपन सोर्सबाबत धोरण जाहीर केलं. केंद्राच्या सर्व संस्थांना ते लागू आहे, आणि राज्यांना हवं तर स्वीकारता येतं. त्यानुसार निविदा काढताना ओपन सोर्स पर्यायाचा विचार करण्याचं कलम घालणं बंधनकारक आहे, आणि पुरवठादारानं तो पर्याय वगळला तर कारण द्यायचं आहे. केंद्राच्या एखाद्या कार्यालयाच्या निविदेत ते कलम होतं का, आणि कारण काय दिलं होतं, हे माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून विचारता येतं. मी दोन अर्ज टाकले आहेत. तो संदेश तुमच्याकडे आला असेल, तर त्याच गटात तुम्हीही एखाद्या अर्जाची पोच टाका.