सर्वांत कमी रेंज असलेल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात

नाशिकमधल्या गंगापूर रोडच्या आमच्या कट्ट्यावर परवा जो वाद झाला, तो दिल्लीच्या हवेवरून सुरू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रदूषण वाढल्यावर दिल्ली विद्यापीठाने आणि जेएनयूने काही दिवस वर्ग ऑनलाइन घेतले होते. त्याचा उल्लेख करून आमच्यातले ग्रंथपाल म्हणाले, की करोनाने निदान एवढे तरी दिले, आता कॉलेज बंद पडले तरी शिक्षण बंद पडत नाही. त्यावर वकीलबाईंनी लगेच विचारले, "कोणाचे बंद पडत नाही?" अंधार पडेपर्यंत आम्ही याच प्रश्नावर बोलत होतो.

सर्वांत आधी मास्तर बोलले. ते तालुक्याच्या वरिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतात. "मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झाले, वसतिगृहे रिकामी करायला लावली, मुले पुस्तके खोलीवरच ठेवून गावी गेली आणि आम्हाला सांगितले गेले की तास चालू ठेवा. प्रशिक्षण नव्हते, साधने नव्हती. आमच्याकडचे तासिका तत्त्वावरचे सहकारी तर स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या खर्चाने डेटा घालून शिकवत होते आणि पुढच्या महिन्याचे मानधन मिळेल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. अशा वेळी जे जमले ते केले, आणि काहीच न करण्यापेक्षा ते बरे होते."

वकीलबाईंचा आक्षेप घाईवर नव्हताच. पहिले दोन महिने गोंधळाचे होते हे त्यांनी मान्य केले. पण पुढचे शैक्षणिक वर्ष ठरवताना हातात वेळ होता आणि आकडेही होते, हा त्यांचा मुद्दा होता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीनुसार देशातल्या ग्रामीण घरांपैकी सुमारे १५ टक्के आणि शहरी घरांपैकी सुमारे ४२ टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती, आणि संगणक तर ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम चार घरांत होता. मास्तर म्हणाले, की तो आकडा जुना आहे, नंतर डेटा स्वस्त झाला आणि घरोघरी फोन आले. ते खरेच आहे. पण घरात फोन असणे आणि सकाळी अकरा वाजता तो विद्यार्थ्याच्या हातात असणे यांत फार अंतर आहे, आणि मुलींच्या बाबतीत ते आणखी वाढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ३३ टक्के स्त्रियांनीच कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे नोंदले गेले. पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के होते. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडील शेतावर किंवा कामावर घेऊन जातात, त्या घरातल्या मुलीसाठी शिकण्याची वेळ संध्याकाळी सातनंतरच सुरू होते, आणि तेव्हा आधी धाकट्या भावाचा गृहपाठ असतो.

इथे मी एक साधा हिशेब मांडला. व्हिडिओवरच्या एका तासाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा जातो, आणि तेव्हाच्या नेहमीच्या प्रीपेड पॅकमध्ये दिवसाला दीड ते दोन जीबी मिळत असे. म्हणजे वेळापत्रकात चार तास असतील तर दुपारी दोनपर्यंत डेटा संपलेला. तेच व्याख्यान नुसत्या आवाजात, ३२ केबीपीएस दर्जाने ध्वनिमुद्रित केले तर तासाभराची फाइल १५ एमबीच्या आत बसते. ती रात्री रेंज आल्यावर उतरवून घेता येते आणि हवी तितक्या वेळा ऐकता येते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनारपट्टीवरच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीजच नव्हती. तिथल्या मुलांसाठी छापील कागदाखेरीज दुसरा मार्ग नव्हता, आणि तो पोस्टाने पाठवणे अशक्य नव्हते.

आमच्यातला धाकटा मित्र इतका वेळ ऐकत होता. तो पूर्ण अंध आहे, आता बँकेत आहे, आणि त्याचे एम.ए. त्याच काळात झाले. तो म्हणाला, "सर, रेंजचा प्रश्न मला नव्हता. नोट्सचा होता." ग्रुपवर येणाऱ्या नोट्स तीन प्रकारच्या असत. पहिला प्रकार म्हणजे वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते केवळ चित्र, त्यात वाचण्याजोगे अक्षरच नाही. दुसरा म्हणजे पुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ, तीही चित्रच. तिसरा प्रकार त्याला सर्वांत जास्त छळत असे, कारण तो दिसायला व्यवस्थित टंकलेला मजकूर होता, पण जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये केलेला. डोळ्यांना मराठी दिसते, फाइलच्या आत मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर त्याच्या संगणकावर होता आणि तो युनिकोडमधले, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत असलेल्या प्रमाण पद्धतीतले मराठी नीट वाचतो. या फाइल उघडल्या की मात्र कानावर निरर्थक अक्षरांची रांग येई. "तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकला असता तर मला कोणाच्याही मदतीची गरज लागली नसती. शेवटी बहीण मला रोज रात्री वाचून दाखवायची, आणि तिचीही बारावी होती."

कोणी काही बोलेना. मग ग्रंथपालांनी कर्णबधिर विद्यार्थ्यांचा विषय काढला. वर्गात ती मुले शिक्षकांचे ओठ पाहून बरेच समजून घेतात. ऑनलाइन तासात चेहऱ्याचा टिकलीएवढा चौकोन राहतो, मागे खिडकी असेल तर तोही काळा दिसतो. इंग्रजी बोलण्याची उपशीर्षके आपोआप दाखवणारी सोय काही माध्यमांवर तेव्हा होती, मराठीसाठी नव्हती. म्हणजे जो शिक्षक मराठीतून शिकवतो त्याने बोलण्याचा लिखित मसुदा आधी देणे, हाच त्या मुलांसाठी खरा तास होता. वकीलबाईंनी जोड दिली, की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम स्वरूपात मिळावा यासाठी पावले उचलणे ही सरकारची जबाबदारी आहे, तेव्हा हा दयेचा विषय नाही. दिल्ली विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षेवरून २०२० मध्ये नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या अंधांच्या संघटनेला उच्च न्यायालयात जावे लागले, याची त्यांनी आठवण दिली.

मास्तरांनी मग जो मुद्दा मांडला तो मला या सगळ्या चर्चेतला सर्वांत वजनदार वाटतो. ते म्हणाले, "तुम्ही सांगता तसे सगळे लिहून आणि ध्वनिमुद्रित करून दिले, तर ते शिकवणे राहत नाही, साहित्याचे वाटप होते. त्या महिन्यांत घरात कोंडलेल्या मुलाला दिवसातून एकदा कोणीतरी नावाने हाक मारत होते, ते माझ्या तासात." हे अगदी खरे आहे, आणि डेटा वाचवण्याच्या उत्साहात ते विसरता कामा नये. तरीही माझे मत वेगळे आहे. थेट तासाची वेळ आम्ही चुकीच्या गोष्टीवर खर्च केली. पन्नास मिनिटे शिक्षक एकटाच बोलणार आणि मुले माइक बंद करून ऐकणार, यासाठी सगळ्यांनी एकाच वेळी जोडलेले असण्याची गरज नव्हती. व्याख्यान आवाजात आणि युनिकोड मजकुरात आधी पोहोचवायचे, आणि आठवड्यातून एकदा दहा-बारा मुलांच्या गटाशी केवळ प्रश्नोत्तरांसाठी बोलायचे. ज्याच्याकडे डेटा नाही त्याला साधा फोन लावायचा. कॅमेऱ्याची आणि थेट हजेरीची सक्ती ठेवायची नाही, कारण एका खोलीच्या घरातल्या मुलीला मागे आजारी आजी झोपलेली दाखवत बसावे लागू नये.

परीक्षांवर फार वेळ गेला नाही. अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या बहुतेक मुलांनी घरूनच बहुपर्यायी प्रश्न सोडवले. १२ ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली तेव्हा मुंबई विद्यापीठाने त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलल्या. माझ्या मते ते योग्यच झाले. पण गावातली वीज गेली तर एकट्या विद्यार्थ्यासाठी परीक्षा इतक्या सहज पुढे ढकलली जात नाही.

ग्रंथपालांनी शेवटी आमच्याच शहराकडे बोट दाखवले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकमधून दूरस्थ शिक्षण देते. घरी एकट्याने वाचता येईल असे पुस्तक कसे लिहायचे, याचा तीन दशकांचा अनुभव त्या काळात जवळच उपलब्ध होता, आणि पारंपरिक विद्यापीठांनी तो मोठ्या प्रमाणावर वापरून घ्यायला हवा होता, असे त्यांचे म्हणणे.

मास्तरांना हे पटले, पण त्यांनी एक अट घातली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. मसुदा लिहिणे, तो युनिकोडमध्ये टंकणे, ध्वनिमुद्रण तपासणे, गटागटाला फोन करणे हे त्या १६ तासांत कुठेच बसत नाही, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तर मानधनच घेतलेल्या तासाचे मिळते. हे काम कार्यभारात धरले तरच ते होईल, असे ते म्हणाले. वकीलबाईंचे म्हणणे असे, की कायद्याने जे देणे आहे ते कार्यभाराच्या वाटाघाटीवर सोडता येणार नाही. आधी ते द्या, मग मोबदला मागा. या मुद्द्यावर दोघेही मागे हटले नाहीत. मला मास्तरांची मागणी रास्त वाटते, आणि ती शासनाकडे लेखी करायची असेल तर तिच्यावर कट्ट्यावरच्या आम्हा सगळ्यांच्या सह्या असतील.