प्रभात नक्की कुणी फोडली?

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, त्याच्या पलीकडं रविवारी सकाळी आमची सहा टाळकी जमतात. विषय ठरलेला नसतो. या रविवारी उद्यमनगरातला दत्ता तोंड पाडून आला. त्याची आणि पार्टनरची नऊ वर्षांची भागी मोडलेली. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि जुनी गिऱ्हाईकं कुणाच्या वाट्याला जायची, यावरनं बोलाचाली बंद. बापू रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. समजूत काढायची त्यांची पद्धत म्हणजे जखमेवर मीठ. मानस्तंभाकडं बोट करून म्हणाले, "आरं, प्रभातसारखी सिनेमा कंपनी फुटली, तुझ्या पत्र्याच्या शेडचं काय घेऊन बसलास!"

"फुटली न्हाई, शांतारामबापूंनी फोडली," संज्या म्हणाला. झालं. चहा यायच्या आत पेटलं.

संज्याचं म्हणणं साधं होतं. १ जून १९२९ ला कोल्हापुरात पाच जणांनी कंपनी काढली: व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि पैसा घालणारे सीतारामपंत कुलकर्णी सराफ. चौघं कसबी, एक भांडवलवाला. त्यात शांतारामबापू १९४२ ला बाहेर पडले, मुंबईत स्वतःची राजकमल कंपनी काढली, आणि १९५३ पर्यंत प्रभातला कुलूप. "हिशेब सरळ हाय की. मेन खांब काढला, घर पडलं."

"सरळ कसला?" इम्तियाज म्हणाला. "मधल्या अकरा वर्षांचं काय करतोस? १९४४ ला रामशास्त्री सिनेमा कुणी काढला? प्रभातनंच. शांतारामबापू गेल्यावर. आणि संत तुकाराम? १९३६ चा. मुंबईत ५७ आठवडे चालला, व्हेनिसला जाऊन वाहवा घेऊन आला. डायरेक्शन कुणाचं? दामले आणि आमचे फत्तेलाल."

"तुमचे कसले? अख्ख्या गावाचे साहेबमामा ते!" बापू डाफरले.

मला इथं इम्तियाजची बाजू जड वाटते, आणि कारण पोस्टरवरच्या नावात नाही, कामात आहे. प्रभातमध्ये दामले नुसते डायरेक्टर नव्हते, बोलपट आल्यावर आवाजाचं रेकॉर्डिंग त्यांनी अंगावर घेतलं. फत्तेलाल सेट उभे करायचे. धायबर कॅमेऱ्यावर. शांताराम डायरेक्शन करायचे, आणि मूकपटाच्या काळात स्वतः शिवाजी म्हणून उभेही राहिले, त्या उदयकालमध्ये. त्या सिनेमाचं मूळ नाव स्वराज्याचं तोरण, पण 'स्वराज्य' म्हटल्यावर इंग्रज सेन्सॉरच्या पोटात गोळा आला आणि नाव बदलावं लागलं. सांगायचं काय, एकाच्या हातचं काम दुसऱ्याला कळत होतं. एकमेकांचं काम कळणाऱ्या माणसांची भागी टिकायला सोपी की अवघड, यावर दत्ता तोंडात बोट घालून गप्प बसला. नंतर म्हणाला, "अवघड. माझ्या पार्टनरला लेथ येत नसती तर तो गेला नसता."

बापूंनी मग आपला हुकमी एक्का काढला. "फोडाफोडीचंच बोलायचं, तर सुरुवात इथनं करा," आणि परत मानस्तंभाकडं बोट. तो खांब ज्यांच्या आठवणीचा, ते मूकपट काढणारे बाबूराव पेंटर. चुलतभाऊ आनंदराव १९१६ ला गेले, तरी बाबूराव थांबले नाहीत. घरचा कॅमेरा जुळवायचं काम पुरं केलं, त्यात दामल्यांचा हात होता. १९२० ला सैरंध्री आला. टिळकांनी 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. १९२५ च्या सावकारी पाशात तरणा शेतकरी झालेला पोरगा म्हणजे शांताराम. "चौघंही बाबूरावांच्या कारखान्यातनं घडलेली. पहिलं डायरेक्शन तिथं, शांतारामांचं नेताजी पालकर, दामले-फत्तेलालचं महारथी कर्ण. मग चौघं उठले आणि गेले. बाबूरावांची कंपनी पुढं टिकली का? गुरूला सोडून जाणाऱ्यांना कुणी सोडून गेलं, तर रडायचं कशाला?"

"म्हणजे फेडलं म्हणा की," संज्या.

"मी फेडलं म्हटलं न्हाई. पुढचं ऐक. १९४७ ला लोकशाहीर रामजोशी आला. राजकमलचा. डायरेक्शनला बाबूराव पेंटर आणि शांताराम, दोघांची नावं. सोडून गेलेल्या चेल्यानं म्हाताऱ्या गुरूला परत सेटवर आणलं. हे कुठल्या खात्यात घालतोस?"

कुणीच बोललं नाही. दत्ता चहाच्या ग्लासकडं बघत होता. त्याच्या मनात काय चाललंय ते सगळ्यांना कळलं, पण कट्ट्यावर असलं बोलून दाखवायची पद्धत नाही.

सुभान्याला मात्र कोल्हापूरचा अभिमान गप बसू देईना. त्याची तक्रार वेगळीच. "फुटली ती नंतर. आधी गाव सोडलं, त्याचं बोला! १९३३ ला पुण्याला गेले. सहा मूकपट हितं, अयोध्येचा राजा हितं, अन् गोड खायला पुणं. आता तिथं सिनेमा शिकवणारी एफटीआयआय हाय. इथं काय हाय? एक खांब."

याला उत्तर देण्यासारखं आहे. त्याच वर्षी प्रभातनं सैरंध्री पुन्हा काढला, रंगीत छापायला जर्मनीला नेला, आणि रंग काही मनासारखे उतरले नाहीत. एवढा मोठा डाव खेळणाऱ्यांना मोठी जागा लागणार, मुंबई जवळ लागणार. गाव सोडणं हा रुसवा नव्हता. आणि कोल्हापूर रिकामं पडलं म्हणावं, तर दरबाराच्या पाठबळावर त्याच साली कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली, पुढं भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओ चालवला, १९४८ च्या जाळपोळीत तो जळाला तरी मीठ भाकर सिनेमा पुन्हा काढलाच. हे मी सुभान्याला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. तो कधीच ऐकत नाही.

इम्तियाजनं तोवर मोबाईलवर तुकाराम लावला होता. जिजाईचा तो सीन. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा अभंगात. जिजाई झालेली गौरी एका हातानं पोराला ओढत, दुसऱ्या हातात वहाण घेऊन देवळात शिरते, थेट विठोबाला मारायला. नाटकी हातवारे नाहीत, डोळ्यांत ग्लिसरीन नाही. शेजारच्या गल्लीतली बाई भांडायला निघावी तशी. आवाज फाटका येत होता, पण सगळे वाकून बघत होते. दत्तासुद्धा.

चहाचे ग्लास गोळा करायला आलेलं पोरगं मागं थांबलं. बराच वेळ बघितलं त्यानं.

"हे शूटिंग हितलंच हाय न्हवं? बोलणं आपल्यातलंच वाटतंय."

सगळ्यांनी बापूंकडं बघितलं. बापूंनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"माणसं हितली," ते म्हणाले. "शूटिंग पुण्यात."

सुभान्यानं ग्लास आपटला.