ओर्व्हिएतोचं कथीड्रल सकाळी बघू नका

रोमहून एका दिवसात ओर्व्हिएतो हे इटलीतलं टेकडीवरचं गाव ‘उरकणारे’ बहुतेक जण टेकडीवर पोचल्या पोचल्या बस धरतात आणि थेट कथीड्रलसमोर उतरतात. त्याचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. सकाळी तो सावलीत असतो, सोनेरी मोझेक मळकट दिसतं. तीननंतर ऊन समोरून पडतं. म्हणून दिवस उलटा लावा.

रोमा तेर्मिनीहून साधी रेजिओनाले गाडी सव्वा ते दीड तासात पोचवते. कागदी तिकिटावर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारा, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड भराल. स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढावरची गाडी, वर जाते. १८८८ साली ती पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर चालते.

वर उतरलात की कथीड्रलची बस जाऊ द्या. शेजारीच सान पात्रिझिओची विहीर आहे. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं आणि पोप क्लेमेंट सातवा इथे आश्रयाला आला. कातळावरचं गाव वेढ्यात सापडलं तर पाणी आधी संपणार, हे गड पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. वास्तुकार सांगालोने पन्नासेक मीटर खोल विहीर आखली आणि तिच्याभोवती एकमेकांना कुठेच न भेटणारे दोन गोल जिने गुंफले. एकातून खेचरं खाली, दुसऱ्यातून पाणी घेऊन वर. प्रत्येकी २४८ पायऱ्या, लिफ्ट नाही. तळाला गारवा असतो आणि चढताना घाम फुटतो, त्यामुळे हे काम जेवणाआधीच करा. गुडघे कुरकुरत असतील तर वरूनच डोकवा, त्यात कमीपणा नाही.

मग कोर्सो काव्हूरने रमतगमत चालत या. जेवायला एकच्या सुमारास बसा. अडीचनंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात ती थेट संध्याकाळी उघडतात.

आता कथीड्रल. काळ्या बसाल्टचे आणि फिकट ट्रॅव्हर्टाईन दगडाचे पट्टे, १२९० साली सुरू झालेलं काम. खांदे झाकलेले हवेत. आत गेल्यावर घाई करायची नाही ती सान ब्रिझिओच्या चॅपलमध्ये: चित्रकार सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ दरम्यान रंगवलेले, जमिनीतून उठणारे मृत. काही अजून निम्मे मातीत आहेत, काही नुसते सांगाडे. मान दुखेपर्यंत वर बघत राहावं असं काम आहे.

भाड्याची गाडी असेल तर ती गावात घालू नका. झेडटीएलच्या, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाच्या, पाटीपुढे कॅमेरे असतात. दंड काही महिन्यांनी घरी येतो, वर भाडेकंपनीचा आकार वेगळा. खाली काम्पो देल्ला फिएराला गाडी लावा, तिथून सरकते जिने थेट गावात आणतात.

आणि शेवटच्या फ्युनिक्युलरची वेळ वर येतानाच बघून ठेवा.